बोट मंडणगडवर, पान दापोलीचं

सहामाही परीक्षेच्या आधी सातवीच्या वह्या तपासत बसले होते. प्रश्न अगदी साधा होता : रत्नागिरी जिल्ह्यात तालुके किती? त्यांची नावं लिहा. सगळ्या वर्गाने नऊ लिहिले होते. एका मुलीने आठ. खेड, चिपळूण, गुहागर, दापोली, संगमेश्वर, लांजा, राजापूर, रत्नागिरी. मंडणगड नव्हतं. गंमत म्हणजे ती मुलगी मंडणगड तालुक्यातलीच. वडील कुवेतला, आई आणि धाकटी भावंडं गावी, आणि ही शिक्षणासाठी इथे मामूंच्या घरी. बाकी कुणी मंडणगड विसरलं असतं तर मी लाल पेनाने गोल करून पुढे गेले असते. हिने स्वतःचंच वतन कसं गाळलं?

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं. ती घाबरली नाही. म्हणाली, “टीचर, तुमच्या नकाशात मंडणगडला हात लावला की दापोली उघडतं. दोनदा बघितलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, सिंधुदुर्ग आधी आपल्यात होतं, मग वेगळं केलं. मला वाटलं, आमचं मंडणगडपण आता दापोलीत गेलं असेल.”

मी सांगितलं होतं, खरं आहे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, हे मी वर्गात नकाशा दाखवूनच शिकवलं होतं. मुलीचा तर्क बिनचूक होता. चूक माझ्या नकाशात होती. भिंतीवरच्या नकाशात खोट निघाली तर मूल म्हणतं, छपाईची चूक. मोबाइलवरचा नकाशा चुकला तर मूल स्वतःच्या गावाचा पत्ता बदलतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हा नकाशा मी का केला ते आधी सांगते. माझ्याकडे उर्दू आणि मराठी असे दोन विषय आहेत. आमची मुलं शिकतात उर्दूतून, घरी बोलतात कोकणी मुसलमानांची आपली बोली, आणि बाहेर एसटीवर, दुकानावर, दवाखान्यात सगळीकडे मराठी. वर्गातला जिल्ह्याचा नकाशा घडीवर फाटलेला, त्यावरची नावं फक्त मराठीत आणि मुंगीएवढी. मुलं उर्दू पुस्तकात जे ‘चिपलून’ वाचतात तेच मराठीतलं ‘चिपळूण’, हे त्यांच्या पटकन लक्षात येत नाही. उर्दूत ‘ळ’ला अक्षर नाही, ‘ण’लाही नाही. त्यामुळे एकाच गावाची दोन गावं होतात. म्हणून वाटलं, असा एक नकाशा हवा की ज्यावर मूल बोट ठेवेल आणि त्या तालुक्याची माहिती उघडेल, एकदा मराठीत आणि तसाच एकदा उर्दूत.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, उर्दू त्याच्या पुढच्या वर्षी. मी काही वर्षांपासून दोन्हीकडे बारीकसारीक शुद्धलेखन सुधारत असते. तिथे प्रत्येक सदस्याला सरावासाठी एक कोरं पान मिळतं. मराठीत त्याला ‘धूळपाटी’ म्हणतात. हा शब्द ज्याने कुणी योजला त्याला माझा सलाम. माझा नकाशा त्या धूळपाटीवरच तयार झाला.

चित्राला ‘बोट लावता येईल असं’ करायची रीत समजायला अवघड नाही. विकीच्या पानावर ‘इमेजमॅप’ नावाची एक सोय आहे. सुरुवातीची खूण आणि शेवटची खूण, यांच्यामध्ये पहिल्या ओळीत चित्राचं नाव आणि आकार लिहायचा. त्याखाली एकेका ओळीत एकेक जागा. जागा तीन प्रकारांनी सांगता येते : ‘रेक्ट’ म्हणजे आयत, त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे द्यायचे, ‘सर्कल’ म्हणजे वर्तुळ, त्याचं केंद्र आणि त्रिज्या द्यायची, आणि ‘पॉली’ म्हणजे बहुकोन, कडेकडेने जितके बिंदू घ्याल तितके. ओळीच्या शेवटी दुहेरी कंसात त्या पानाचा दुवा. मराठीत लिंकला दुवा म्हणतात हे अम्मीला कळलं तेव्हा ती हसत म्हणाली, “म्हणजे तू रात्री बारापर्यंत सगळ्या तालुक्यांना दुवा देत बसतेस!” तिला काय सांगणार, तिचं बरोबरच होतं.

नकाशा मी स्वतः काढला. दुसऱ्याचा छापील नकाशा उचलून चढवणं तिथे चालत नाही, आणि चालू नयेच. कागदावर नऊ तालुक्यांच्या सीमा काढल्या, नावं मुद्दाम लिहिली नाहीत, स्कॅन केला. ९०० पिक्सेल रुंद, १६०० उंच. आपला जिल्हा उभाच आहे, वर सावित्रीची खाडी, खाली विजयदुर्गची. मग ते चित्र संगणकातल्या ‘पेंट’मध्ये उघडलं. त्यात माऊस फिरवला की खालच्या पट्टीत दोन आकडे दिसतात, डावीकडून किती आणि वरून किती. ते आकडे वहीत उतरवत गेले.

‘वरून किती’ हे डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले. आपण शाळेत शिकलो की आलेखात वर जावं तसा आकडा वाढतो. इथे उलटं : शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि खाली उतरावं तसा आकडा वाढतो. म्हणजे मंडणगडचा आकडा लहान आणि राजापूरचा मोठा. मग आठवला अल-इद्रीसी. सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याच्यासाठी त्याने ११५४ मध्ये जगाचा जो नकाशा पुरा केला त्यात दक्षिण वर आहे आणि उत्तर खाली. आजच्या माणसाने पाहिला तर त्याला तो उलटा धरलाय असं वाटेल. नकाशात वर काय आणि खाली काय हे काढणाराने ठरवायचं असतं, एवढं मनाशी म्हटलं आणि कामाला लागले.

पहिली ठेच आकड्यांचीच लागली. मराठी पानावर लिहितेय म्हणून मी सगळे आकडे हौसेने मराठीत टाकले. पान जतन केलं तर नकाशाऐवजी लाल अक्षरांत सूचना, अमुक ओळीत निर्देशक चुकला आहे. ओळ दहा वेळा तपासली, आकडे बरोबर. शेवटी दोह्यात असलेल्या भाच्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, “खाला, आकडे इंग्रजीत टाका. त्या यंत्राला आपले हिंदसे वाचता येत नाहीत.” खरंच तसं निघालं. त्या सोयीला फक्त इंग्रजी अंक कळतात. (इथे छापताना मी मराठी अंक वापरतेय, पण कुणी करून पाहणार असेल तर लक्षात ठेवा.) राग आला खरा. युरोपात ज्यांना ‘अरबी अंक’ म्हणतात ते अरबांनी हिंदुस्थानातूनच घेतले. अल-ख्वारिज्मीने नवव्या शतकात हिंदी हिसाबावर ग्रंथ लिहिला. इतका प्रवास करून ते आपल्याकडे परत आले तर ‘एक’ ओळखेना! असो.

दुसरी ठेच जरा मजेशीर. ‘पॉली’मध्ये प्रत्येक बिंदूला दोन आकडे लागतात, म्हणजे एकूण आकडे सम असायलाच हवेत. गुहागरच्या किनाऱ्यावर मी एक आकडा गाळला होता. यंत्राने लगेच सांगितलं, आकडे विषम आहेत. ही तक्रार आवडली. माझ्या मुलांच्या गणिताच्या वहीलाही अशी तक्रार करता आली असती तर!

आता मंडणगडची गोष्ट. पहिल्या दिवशी मला घाई होती. सरळ कडा असलेले तालुके आपल्याकडे नाहीतच, सगळी खाडीची आणि डोंगराची वळणं. प्रत्येकाला तीस-चाळीस बिंदू घ्यायचा कंटाळा आला म्हणून दापोलीला मी तात्पुरता एक आयत टाकला. मनात म्हटलं, नंतर नीट करू. दापोलीचा किनारा वर केळशीपर्यंत जातो. त्यामुळे दापोली पूर्ण मावेल असा आयत घेतला तर त्याचा वरचा भाग मंडणगडच्या अंगावर जातोच. मंडणगडचा बहुकोन मी मात्र नीट काढला होता, म्हणून निर्धास्त होते. पण या सोयीचा एक नियम आहे : दोन जागा एकमेकींवर आल्या तर जी ओळ आधी लिहिली तिचा हक्क. दापोली माझ्या यादीत वर होती. मंडणगडच्या निम्म्या अंगावर बोट ठेवलं तरी यंत्र दापोलीच उघडत होतं. पाहणाऱ्याला आयत दिसत नाही, चूकही दिसत नाही. आणि मी तपासताना नेमकं उरलेल्या अर्ध्या भागावर बोट ठेवलं असणार.

‘नंतर नीट करू’ या शब्दांनी एका मुलीचा तालुका गेला.

त्या रात्री दापोलीला बेचाळीस बिंदू घेतले. आंजर्ले, हर्णे, दाभोळ असा कडेकडेने किनारा उतरत गेले. एवढ्यात दुसरी हौस सुचली. स्कॅन जरा पुसट होता म्हणून तोच नकाशा पुन्हा स्कॅन करून दुप्पट आकाराचा चढवला, १८०० बाय ३२००. पान उघडलं तर नकाशा सुरेख, पण मंडणगडवर बोट ठेवलं की खेड, आणि रत्नागिरी, लांजा, राजापूर यांच्यावर बोट ठेवलं की काहीच नाही. कारण आकडे मूळ चित्राच्या आकाराचे असतात. पानावर चित्र लहान दाखवलं तर ती सोय स्वतः हिशोब करून घेते, पण मूळ चित्रच दुप्पट झालं तर जुने आकडे वरच्या डाव्या चतकोरात गोळा होतात. सगळा जिल्हा एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. प्रत्येक आकड्याची दुप्पट करावी लागली. नऊ तालुके, सव्वातीनशे बिंदू. निम्म्यावर आल्यावर यजमान चहा ठेवून गेले, काही बोलले नाहीत.

आता नावांचं. चित्रातच नावं रंगवली असती तर काम सोपं होतं, पण मग उर्दूसाठी दुसरं चित्र काढावं लागलं असतं आणि एखादी मात्रा चुकली तर सगळं चित्र बदलावं लागलं असतं. म्हणून चित्र कोरं ठेवलं आणि नावं त्यावर अंथरली. चित्राला एका चौकटीत ठेवायचं आणि प्रत्येक नावाला सांगायचं, चौकटीच्या डावीकडून इतकं आणि वरून इतकं अंतर सोडून बस. काचेवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात तसं. चिठ्ठीवरचा मजकूर खरा मजकूर असतो, शोधता येतो, सुधारता येतो, पुसून उर्दूत लिहिता येतो.

पण चिठ्ठी काचेवर असते, त्यामुळे बोट काचेला न लागता चिठ्ठीला लागतं! मुलं साहजिकच नावावर बोट ठेवत होती आणि काही उघडत नव्हतं. यावर उपाय सोपा : प्रत्येक चिठ्ठीलाच दुवा द्यायचा. मी आणखी एक चूक केली होती, सगळ्या चिठ्ठ्यांना सारखीच रुंदी दिली होती. ‘खेड’ दोन अक्षरांचं नाव, पण त्याची चिठ्ठी ‘संगमेश्वर’एवढी. उरलेली चिठ्ठी रिकामी, दिसत नाही, पण खालचं चित्र अडवून बसते. रुंदी काढून टाकली तेव्हा नाव तेवढी जागा झाली.

मोबाइलचा त्रास वेगळाच. मी नकाशा ६०० पिक्सेल रुंद ठेवला होता. शाळेच्या संगणकावर छान दिसायचा. मुलांच्या फोनवर पडदा लहान, चित्र आक्रसून बसायचं, पण त्यामागच्या अदृश्य जागा होत्या तिथेच राहायच्या. शेवटी नकाशाच ३०० पिक्सेलचा केला, म्हणजे कुठल्याही फोनवर न आक्रसता मावेल, आणि चिठ्ठ्यांची अंतरं पिक्सेलऐवजी टक्क्यांत दिली. शिवाय नकाशाखाली नऊ नावांची साधी यादी दिली, तिलाही दुवे. बोट जाड असेल, नजर कमी असेल, फोन जुना असेल, तर यादी आहे. हे मी सगळ्यात शेवटी केलं, करायला हवं होतं सगळ्यात आधी.

एक गोष्ट मात्र मी जाणूनबुजून ठेवली. असा नकाशा केला की कोपऱ्यात ‘आय’ अक्षराची एक छोटी निळी खूण येते. ती काढून टाकता येते, आणि दिसायला ती जरा मध्येच वाटते. पण एरवी विकीवर चित्राला हात लावला की ते कुणी काढलं, कोणत्या अटीवर दिलं, हे सांगणारं पान उघडतं. आपण चित्रावर आपले दुवे बसवले की ती वाट बंद होते. ही निळी खूण म्हणजे तिथे जायची उरलेली वाट. हे चित्र माझंच होतं, पण दुसऱ्याचं असतं तर? वर्गात मुलांना हेच सांगितलं, दुसऱ्याच्या वहीतून घेतलं तर वहीवरचं नाव खोडू नये.

उर्दू पान करताना वाटलं होतं, आता काय, चिठ्ठ्या बदलायच्या. पण उर्दूचं पान उजवीकडून चालतं. नकाशाचे आकडे मात्र तिथेही डावीकडूनच मोजले जातात, कारण चित्राला भाषा नसते. लिहिण्याच्या खिडकीत ‘पॉली’ आणि आकडे उजव्या टोकाला दिसायचे आणि उर्दू नाव डाव्या टोकाला, कंसांची तोंडं उलटी वाटायची. सुरुवातीला मी ते ‘सरळ’ करायला गेले आणि चांगली ओळ बिघडवली. यंत्राच्या आत सगळं क्रमाने असतं, फक्त डोळ्यांना तसं दिसतं. आणि नस्तालीक लिपी! ती आडवी कमी आणि तिरपी जास्त, तिला उंची लागते. मराठीत जिथे दोन नावं वरखाली आरामात बसली होती, तिथे उर्दूत एकाचे नुक्ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसले. चिपळूण पूर्वेला सरकवलं, गुहागर समुद्राकडे.

तयार झाल्यावर उर्दू नकाशा आधी अम्मीला दाखवला. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. चष्मा लावून तिने दापोलीच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं, माहेर दाभोळचं. पान उघडलं. खूश झाली. मग बोट जरा खाली सरकवलं, वाशिष्ठीच्या खाडीवर. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. “इथे काही नाही?”

“ती खाडी आहे अम्मी, तालुका नाही.”

“खाडी कशी काही नाही? निम्मे नातेवाईक पलीकडे. आम्ही तरीतून धोपाव्याला जायचो, गुहागरला जायचो. सगळं येणंजाणं खाडीतूनच तर होतं.”

मला काही उत्तर सुचलं नाही. ‘तालुका’ हा शब्द आला कुठून? ‘तअल्लुका’, म्हणजे ज्याचा संबंध आहे ते. ‘नकाशा’ आणि ‘जिल्हा’ही आपल्याकडे त्याच वाटेने आले. मी नऊ संबंध जोडले होते आणि त्यांना जोडणारी खाडी तेवढी सोडली होती. वाशिष्ठीचा लांबट, चिंचोळा बहुकोन काढला आणि त्याची ओळ मुद्दाम दापोली आणि गुहागर या दोघांच्याही वर लिहिली. नियम तर आता पाठ होता. मग सावित्री, शास्त्री, काजळी, मुचकुंदी यांच्याही ओळी आल्या. चिंचोळ्या नदीवर फोनवर बोट नेमकं पडत नाही, म्हणून मुखाशी एकेक वर्तुळही दिलं.

सगळं झाल्यावर त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने आधी मंडणगडच्या नावावर बोट ठेवलं, मग नावाच्या खाली, मग डाव्या कडेला, अगदी दापोलीच्या सीमेला खेटून. तीनही वेळा मंडणगड. मग बाकीचे तालुके एकेक करून दाबत बोटांवर मोजले. नऊ. वहीतला आठ तिने स्वतः खोडला. मीही माझ्या लाल गोलाखाली ‘चूक टीचरची’ असं लिहून सही केली. ती वही तिने मामूंना दाखवल्याचं नंतर कळलं.

जाता जाता तिने पुन्हा फोन मागितला. मंडणगडच्या पश्चिमेच्या टोकावर, सावित्री समुद्राला मिळते तिथे, बोट ठेवलं आणि विचारलं, “टीचर, बाणकोट उघडत नाही?”

बाणकोटचे आकडे वहीत उतरवून ठेवलेत. रविवारी बसते.